मत फुटले, पण निकाल फिरेल का? अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील फुटीर इलेक्टरांचा हिशेब कसा करावा

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मतदान नोव्हेंबरमध्ये होते आणि विजयी उमेदवाराचे नाव बहुतेक वेळा त्याच आठवड्यात जगाला कळते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तोपर्यंत फक्त ५३८ इलेक्टर निवडले गेलेले असतात. अध्यक्ष निवडण्याचे काम ते डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात जमून करतात. मधल्या सहा आठवड्यांत अमुक राज्याचा इलेक्टर पक्षाच्या उमेदवाराला मत देणार नाही, अशी एखादी तरी बातमी येते आणि निकाल उलटण्याच्या चर्चेला उधाण येते. अशा बातमीला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवायला घटनापंडित असण्याची गरज नाही. एक वजाबाकी, एका राज्याचा कायदा आणि दोन-तीन तारखा पुरतात. मात्र त्या योग्य क्रमाने पाहाव्या लागतात.

सर्वप्रथम ती व्यक्ती खरोखर फुटीर इलेक्टर आहे का, हे पाहावे. ज्या उमेदवाराच्या नावावर निवडून आली, त्याला सोडून दुसऱ्याला मत देणारी किंवा मतच न देणारी व्यक्ती फुटीर ठरते. १९६० मध्ये मिसिसिपीच्या ८ आणि अलाबामाच्या ६ इलेक्टरांनी व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मते दिली, परंतु ते कोणत्याही उमेदवाराशी बांधील न राहता निवडून आले होते, म्हणून त्यांना फुटीर म्हणता येत नाही. त्याच वर्षी ओक्लाहोमात निक्सन यांच्या नावावर निवडून आलेल्या हेन्री आयर्विन यांनीही बर्ड यांनाच मत दिले. ते मात्र फुटीर होते. २०२० नंतर गाजलेले सात राज्यांतील ‘बनावट इलेक्टर’ हा तर सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. त्यांची मुळात निवडच झाली नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे फोडायला मतच नव्हते. या दोन गोष्टींची सरमिसळ आजही सर्रास होते आणि ती झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

यानंतर वजाबाकी करावी. बहुतेक लोक दोन उमेदवारांमधील फरक पाहतात आणि तिथेच फसतात. पाहायचे असते ते आघाडीच्या उमेदवाराकडे ५३८ च्या निम्म्यापेक्षा, म्हणजे २६९ पेक्षा, किती मते अधिक आहेत ते, कारण राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीनुसार नियुक्त इलेक्टरांच्या एकूण संख्येचे बहुमत लागते, नुसती आघाडी पुरत नाही. म्हणून आघाडीच्या उमेदवाराच्या मतांतून २६९ वजा करावेत; जी संख्या उरेल, तितके इलेक्टर फुटले तरच त्याचे बहुमत जाते. २००० मध्ये जॉर्ज बुश यांच्याकडे २७१ मते होती, म्हणजे अवघे २ इलेक्टर पुरे होते. २०१६ मध्ये नोव्हेंबरच्या निकालानुसार डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे ३०६ मते होती, म्हणजे ३७ हवे होते. २०२४ मध्ये ३१२ होती, म्हणजे ४३. इलेक्टर गैरहजर राहिला किंवा त्याने कोरी मतपत्रिका दिली, तरी बहुमताचा आकडा खाली येत नाही, कारण छेदस्थानी नियुक्त इलेक्टर असतात, प्रत्यक्ष मत देणारे नव्हे.

इतिहासातील सर्वांत बारीक फरक १८७६ चा. तेव्हा ३६९ पैकी १८५ मतांवर रदरफोर्ड हेस विजयी झाले. म्हणजे एक इलेक्टर फिरला असता तरी चित्र पालटले असते. हेस यांच्या बाजूने निवडून आलेले मॅसॅच्युसेट्सचे इलेक्टर, कवी जेम्स रसेल लोवेल यांना मत फिरवण्याची गळ घालण्यात आली होती आणि त्यांनी ती मानली नाही. माझ्या मते फुटीर इलेक्टरांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा माणूस हा न फुटलेला इलेक्टरच आहे.

वजाबाकी झाली की फुटणारा इलेक्टर कोणत्या बाजूचा आहे, हे विचारावे. हा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारायचाच राहून जातो. पराभूत उमेदवाराचे इलेक्टर कितीही फुटले, तरी ते विजेत्याच्या बहुमताला धक्का लावू शकत नाहीत. २००० मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या बार्बरा लेट-सिमन्स यांनी राजधानीला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, मताचा अधिकार नाही याच्या निषेधार्थ कोरी मतपत्रिका दिली, पण त्या अल गोर यांच्या इलेक्टर होत्या. गोर यांची २६७ मते २६६ झाली, एवढेच. २०१६ चे उदाहरण त्याहून बोलके आहे. ट्रम्प यांना रोखण्यासाठी दोन्ही पक्षांच्या इलेक्टरांनी एखाद्या मवाळ रिपब्लिकन नेत्याच्या मागे उभे राहावे, अशी मोहीम त्या डिसेंबरमध्ये चालली होती. प्रत्यक्षात सात मते फुटली, आणि त्यांपैकी पाच हिलरी क्लिंटन यांची होती. वॉशिंग्टन राज्यातील तिघांनी कॉलिन पॉवेल यांना व एकाने फेथ स्पॉटेड ईगल यांना मत दिले, तर हवाईतील एकाने बर्नी सँडर्स यांना. ट्रम्प यांची फक्त दोन मते गेली, तीही टेक्सासमधील: एक जॉन केसिक यांना आणि एक रॉन पॉल यांना. गरज ३७ ची आणि मिळाले दोन. ३०४ विरुद्ध २२७ हा अंतिम आकडा याच हिशेबातून आला आहे.

इथपर्यंत आल्यावरही बातमीत दम वाटत असेल, तर त्या राज्याचा कायदा उघडावा, कारण खरी कळ तिथेच आहे. पक्षाच्या उमेदवारालाच मत देईन, असे वचन इलेक्टरकडून आधी घेण्यास हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये ‘रे विरुद्ध ब्लेअर’ या अलाबामाच्या खटल्यात मान्य केले होते. परंतु ते वचन मोडल्यास शिक्षा करता येते का, हा प्रश्न तब्बल ६८ वर्षे लोंबकळत राहिला. ६ जुलै २०२० रोजी ‘चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन’ या खटल्यात नऊही न्यायमूर्तींनी एकमताने राज्याच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचे निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले. इलेक्टर नेमण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे, आणि त्या अधिकारातच नेमणुकीला अट घालण्याचा व अट मोडल्यास कारवाई करण्याचा अधिकार येतो, असा त्याचा गाभा आहे. मात्र हा निकाल राज्यांना परवानगी देतो, सक्ती करत नाही. निकालाच्या वेळी ३२ राज्ये व वॉशिंग्टन डीसी येथे वचनाचा कायदा होता, परंतु वचनभंगावर काही ना काही कारवाईची तरतूद फक्त १५ राज्यांनी केली होती. त्यानंतरही कायदे बदलत राहिले आहेत, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नये. राज्याचा चालू कायदाच पाहावा.

कायदा वाचताना एकाच प्रश्नावर बोट ठेवावे: फुटलेले मत मोजले जाते की रद्द होते? दंड आणि रद्दबातल ठरवणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१६ मध्ये चौघांना प्रत्येकी १,००० डॉलर दंड केला, पण त्यांची मते मोजली गेली आणि आजही अधिकृत नोंदीत आहेत. त्याच वर्षी कोलोरॅडो आणि मिनेसोटामध्ये फुटू पाहणाऱ्या इलेक्टरांची मते बाजूला ठेवून त्यांच्या जागी दुसरे इलेक्टर बसवले गेले. मेनमध्ये इलेक्टरचे पहिले मत अमान्य ठरवल्यावर त्याने दुसऱ्या फेरीत क्लिंटन यांना मत दिले. म्हणजे प्रयत्न दहा झाले आणि मते सातच फुटली. तुरुंगाची किंवा दंडाची भीती निश्चयी माणसाला अडवत नाही, पण जागा रिकामी झाल्याचे मानून पर्यायी इलेक्टर बसवणारा कायदा त्याला वावच ठेवत नाही. राज्यांसाठी नमुना कायदे लिहिणाऱ्या युनिफॉर्म लॉ कमिशन या संस्थेने २०१० मध्ये तयार केलेला नमुना कायदा याच तत्त्वावर आहे: वचनाशी विसंगत मतपत्रिका पुढे करणे म्हणजेच पद सोडणे. मिनेसोटा, नेब्रास्का, मोंटाना, नेवाडा, इंडियाना आणि नंतर वॉशिंग्टन या राज्यांनी तो स्वीकारला. बातमीतील राज्य या गटात असेल, तर पुढे वाचण्याची फारशी गरज उरत नाही.

इलेक्टरची निवड कशी झाली, तेही पाहावे, कारण पक्षनिष्ठेची चाळणी तिथेच लागते. बहुतेक राज्यांत पक्षाची अधिवेशने किंवा समित्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना ही जागा देतात. पेनसिल्व्हेनियात तर उमेदवार स्वतःच आपले इलेक्टर निवडतो. गंमत अशी की पहिला गाजलेला फुटीर इलेक्टर पेनसिल्व्हेनियाचाच होता: १७९६ मध्ये फेडरलिस्ट, म्हणजे ॲडम्स यांच्या पक्षाचे, म्हणून निवडून आलेल्या सॅम्युएल माइल्स यांनी जॉन ॲडम्सऐवजी थॉमस जेफरसन यांना मत दिले, आणि आपण त्यांना विचार करायला नव्हे, तर ठरल्याप्रमाणे वागायला निवडले होते, अशी तक्रार एका संतप्त मतदाराने वृत्तपत्रातून केली.

मत मोजणीपर्यंत पोहोचले, तर पुढची पायरी काँग्रेसची. ६ जानेवारीच्या संयुक्त बैठकीत फुटलेल्या मतावर हरकत घेता येते. परंतु पूर्वानुभव इलेक्टरच्या बाजूचा आहे. १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या लॉइड बेली यांनी निक्सन यांच्याऐवजी जॉर्ज वॉलेस यांना मत दिले. जानेवारी १९६९ मध्ये सिनेटर एडमंड मस्की व प्रतिनिधी जेम्स ओहारा यांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा सिनेटने ती ५८ विरुद्ध ३३ आणि प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध १७० मतांनी फेटाळली. तेव्हा हरकतीसाठी प्रत्येक सभागृहातील एका सदस्याची सही पुरे होती. २०२२ च्या इलेक्टोरल काउंट रिफॉर्म ॲक्टने दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एकपंचमांश सदस्यांची अट घातली आणि उपराष्ट्राध्यक्षांची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे राज्याने मत रद्द केले नाही, तर काँग्रेसमध्ये ते रद्द होईल, असे गृहीत धरू नये.

समजा, एवढे सगळे अडथळे ओलांडून विजेत्याचे बहुमत गेले. तरीही प्रतिस्पर्धी आपोआप अध्यक्ष होत नाही. निवड नव्या प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. कॅलिफोर्नियालाही एक आणि वायोमिंगलाही एक, वॉशिंग्टन डीसीला मात्र शून्य. जिंकायला २६ राज्ये लागतात. म्हणून कोणत्या पक्षाकडे किती राज्यांच्या शिष्टमंडळांचे बहुमत आहे, ही दुसरी मोजणी करावी लागते, आणि ती अनेकदा पहिल्याच विजेत्याच्या बाजूने झुकते. प्रतिनिधिगृहाला पहिल्या तिघांतूनच निवड करता येते, ही अट मात्र लक्षात ठेवावी. एरवी कोणाचेच लक्ष नसलेल्या व्यक्तीला दोन-तीन फुटीर मते थेट या यादीत नेऊ शकतात: २०१६ मध्ये बहुमत गेले असते, तर तीन मतांच्या जोरावर कॉलिन पॉवेल तिसरे उमेदवार ठरले असते. त्या मोहिमेतील सर्वांत चतुर भाग हाच होता, आणि माझ्या वाचनात त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

इलेक्टर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मत देतो, हे विसरू नये, कारण फुटीर मतांनी एकदाच निवडीचा मार्ग बदलला, तो उपाध्यक्षपदाच्या बाबतीत. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या २३ इलेक्टरांनी मार्टिन व्हॅन ब्युरन यांना अध्यक्षपदासाठी मते दिली, पण रिचर्ड जॉन्सन यांना उपाध्यक्षपदासाठी नाकारली. गुलामगिरीत असलेल्या ज्युलिया चिन या स्त्रीशी जॉन्सन यांनी उघडपणे पत्नीसारखे नाते ठेवले होते, हा त्यांचा आक्षेप होता. १४८ मते हवी असताना जॉन्सन १४७ वर अडकले आणि निवड सिनेटकडे गेली. सिनेटने त्यांनाच निवडले. अध्यक्षपदाचा निकाल मात्र फुटीर मतांमुळे आजवर एकदाही बदललेला नाही.

उमेदवाराचा मृत्यू झाला असेल, तर वरची मोजपट्टी वापरू नये. १८७२ मध्ये पराभूत उमेदवार होरेस ग्रीली मतदानानंतर, पण इलेक्टरांच्या बैठकीपूर्वी वारले. त्यांच्या ६६ इलेक्टरांपैकी ६३ जणांनी इतरांना मते दिली आणि उरलेली ३ मते काँग्रेसने मोजली नाहीत. अध्यक्ष व उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी मिळून इतिहासात सुमारे १८० मते फुटल्याचा आकडा चियाफालो निकालपत्रात येतो, त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक या एकाच वर्षाची आहेत. तेव्हा असा आकडा कोणी फेकला, की १८७२ वगळून किती, हे विचारावे. दिवंगत उमेदवाराला बांधून ठेवण्याचा अधिकार आपण राज्यांना देत नाही आहोत, असे न्यायालयानेही तळटीपेत नोंदवले आहे.

२०२० आणि २०२४ मध्ये एकही मत फुटले नाही. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. २०२२ च्या कायद्यानुसार इलेक्टरांची बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी होते, म्हणजे १९ डिसेंबरला. राज्यांनी आपल्या इलेक्टरांची प्रमाणित यादी त्याच्या सहा दिवस आधी, १३ डिसेंबरपर्यंत द्यायची आहे. त्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याच्या मुलाखतीकडे दुर्लक्ष करावे. ज्याचे आहे, त्याच्या राज्याचा कायदा १९ तारखेपूर्वी वाचून ठेवावा आणि त्या दिवसानंतर मुलाखतींऐवजी राज्यांनी पाठवलेली मतांची प्रमाणपत्रे पाहावीत. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार ती आपल्या संकेतस्थळावर ठेवते.