पायात किंवा हातात उतरणारी कळ: ऑपरेशनशिवाय काय करावे

मणक्यातली गादी सरकून नस दबली की कळ कंबरेत किंवा मानेत थांबत नाही, नसेच्या वाटेने खाली उतरते. ती नेमकी कुठवर जाते ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पावलाच्या वरून अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर बहुधा एल-५ (कंबरेतली पाचवी) नस, पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडे असतील तर एस-१ (कंबरेच्या खालची पहिली). हाताच्या अंगठ्याकडे गेली तर सी-६ (मानेतली सहावी), मधल्या बोटाकडे सी-७, करंगळीकडे सी-८. पुढे व्यायाम वाढवायचा की थांबवायचा, हे याच नोंदीवरून ठरेल.

आधी धोक्याची चिन्हे बघा

जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे: यातले एकही असेल तर रात्र असली तरी तातडीने हॉस्पिटल गाठा. मानेच्या दुखण्यात बटणे लावता न येणे किंवा चालताना तोल जाणे म्हणजे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेही अंगावर काढू नका. सोबत ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा पडल्यापासून दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

ताकद रोज तपासा. टाचांवर दहा पावले चाला. मग भिंतीला हात टेकून दुखऱ्या पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा उचला. काल जमलेले आज जमत नसेल तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिले सहा आठवडे

बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते, कारण सूज ओसरते आणि सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. वरची चिन्हे नसतील तर लगेच एमआरआय करून फारसे काही हाती लागत नाही. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या सर्रास दिसतात.

अंथरुणात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. पाच-दहा मिनिटे चालणे, दिवसातून चार-पाच वेळा. सलग बसणे अर्ध्या तासाच्या आत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली.

कंबरेचा व्यायाम

पालथे झोपा, दोन मिनिटे तसेच पडून राहा. मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटे. हे सोसले तर तळहात खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती वर न्या. कंबर सैल सोडा, ओटीपोट जमिनीला टेकलेले राहू द्या, नितंब आवळू नका. बहुतेकांचे इथेच चुकते: ओटीपोट उचलले जाते आणि व्यायामाचे जोर होतात. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी.

आता नोंद काढा. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कंबरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी चालू ठेवा. नस मोकळी होत असल्याची ही खूण आहे. कंबरेला बरे वाटते पण कळ पावलाकडे सरकली, तर तिथेच थांबा. उतारवयात चालल्यावर पाय भरून येत असतील आणि पुढे वाकल्यावर बरे वाटत असेल तर हा व्यायाम तुमच्यासाठी नाही. उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे बरे.

मानेचा व्यायाम

ताठ बसा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या. खाली झुकवू नका. पाच सेकंद थांबून सोडा. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. हात डोक्यावर ठेवल्यावर कळ थांबत असेल तर खुशाल तसे बसा, दबलेल्या नसेवरचा ताण तेवढा कमी होतो. कॉलर लागलीच तर थोडे दिवसच, नाहीतर स्नायू ढिले पडतात. मान झटक्यात मोडून घेणे मात्र पूर्ण टाळा, मग ते करणारा कितीही नावाजलेला असो.

गोळ्या आणि इंजेक्शन

आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन या वेदनाशामक गोळ्या पोटात अन्न असतानाच, आणि थोडेच दिवस. अल्सर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी सायटिकासाठी (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी) सर्रास लिहून दिली जाते, पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा फायदा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त निघाला नाही. चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

सहा आठवड्यांनंतरही कळ झोप लागू देत नसेल तर एमआरआय करून नसेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा विचार करता येतो. त्याने गादी जागेवर जात नाही. नसेभोवतीची सूज उतरते आणि काही आठवडे आराम मिळतो, त्या काळात व्यायाम वाढवून घ्यायचा असतो. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहा. मानेतल्या इंजेक्शनात धोका कंबरेपेक्षा जास्त, म्हणून तिथे घाई आणखी कमी.