घरच्या पार्टीत व्हिस्की कॉकटेल : आधी पाण्याचा हिशेब

घरी केलेलं कॉकटेल बिघडतं ते व्हिस्की साधी होती म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. बर्फ वितळून ग्लासात जे पाणी उतरतं, तो कृतीतला एक घटकच आहे. ढवळून केलेल्या मॅनहटनमध्ये (व्हिस्की आणि व्हर्मूथ, म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) ते मूळ मिश्रणाच्या साधारण पाव भागाएवढं असतं, शेक केलेल्या सावरमध्ये, म्हणजे लिंबू घातलेल्या आंबट कॉकटेलमध्ये, थोडं जास्तच. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात कॉकटेल म्हणजे काय हे छापून आलं, तेव्हाही घटक चारच सांगितले होते: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा वनस्पतींचा कडू अर्क). बारमध्ये हे पाणी बारटेंडरच्या हाताच्या सवयीने मोजलं जातं. घरी दहा पाहुण्यांसमोर तशी सवय नसते, म्हणून जेवढं मोजता येईल तेवढं आधीच मोजून ठेवायचं.

तीनच प्रकार ठेवा

एक ढवळून करायचं, एक शेक करायचं आणि एक लांब ग्लासातलं सोड्याचं. चौथा प्रकार आला की यजमान स्वयंपाकघरातच अडकतो. दहा जण आणि तीन तास धरले तर साधारण २५ ग्लास लागतात. १० ओल्ड फॅशन्ड (ढवळून), ८ व्हिस्की सावर (शेक करून) आणि ७ हायबॉल (सोड्याचं) धरले, तर व्हिस्की लागते १३९५ मिली. ७५० मिलीच्या दोन बाटल्या पुरतात. तिन्हींसाठी एकच बर्बन, म्हणजे मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, चालते. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, त्यामुळे तिची व्हॅनिलासारखी गोडी लिंबाशीही जुळते आणि बिटर्सशीही. खूप जुनी, महागडी सिंगल माल्ट यात घालू नका. तिचे बारकावे साखर आणि लिंबाखाली दबतात.

आदल्या दिवशी: पाक आणि बर्फ

२०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा. उकळत ठेवलं तर पाणी उडून पाक दाट होतो आणि पुढची सगळी मापं चुकतात. साधारण २२५ मिली पाक होतो, आणि वरच्या यादीला १७० मिली लागतो. दाणेदार साखर थेट व्हिस्कीत घालण्याचा आग्रह सोडा. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. मग पहिला घोट कडक लागतो आणि शेवटी तळाशी गोड गाळ उरतो.

बर्फ माणशी पाऊण किलो धरा, म्हणजे दहा जणांना सात-आठ किलो. यात शेकरसाठी लागणाराही आला. ओल्ड फॅशन्डसाठी ५ सेंटिमीटरचे मोठे चौकोनी तुकडे हवेत. त्यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो, म्हणून ते सावकाश वितळतात. काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल तर छोट्या थर्मोकोलच्या पेटीत पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. तळाचा पांढुरका भाग कापून टाकला की झालं. बर्फाजवळ कांदा-मासळीचे उघडे डबे ठेवू नका, तो वास बर्फात उतरतो.

ओल्ड फॅशन्ड: बाटलीतच तयार

एका ग्लासाचं माप: ६० मिली बर्बन, ५ मिली पाक, अँगोस्टुरा या ब्रँडच्या बिटर्सचे २ डॅश, म्हणजे बाटलीचे दोन झटके. दहा ग्लासांसाठी लिटरच्या स्वच्छ बाटलीत हे भरा:

- बर्बन ६०० मिली
- पाक ५० मिली
- बिटर्स १५ मिली, म्हणजे तीन चहाचे चमचे
- पिण्याचं पाणी ९० मिली

बिटर्स आधी १० मिलीच घाला, चाखा, मग वाढवा. मोठ्या मापात ते कधीकधी अंदाजापेक्षा ठळक लागतात. पाणी घालताना हात आखडू नका. नेहमी ढवळताना बर्फातून जे पाणी आलं असतं, ते हेच. उरलेलं ग्लासातला बर्फ पुरवतो.

बाटली उलटसुलट करून मिसळा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. एवढ्या अल्कोहोलला घरच्या फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही. वाढताना ग्लासात एक मोठा तुकडा आणि त्यावर ७५ मिली मिश्रण, बस.

संत्र्याची साल मात्र आधी कापून ठेवायची नाही, तिचं तेल उडून जातं. पीलरने अंगठ्याएवढी पट्टी काढा, आतला पांढरा भाग शक्य तितका कमी येऊ द्या, कारण कडवटपणा त्यातच असतो. साल बाहेरच्या बाजूने ग्लासाकडे धरून दाबा, तेलाचा बारीक फवारा वर बसतो. फळांच्या फोडी ग्लासात कुटायची पद्धतही दिसते, पण त्याने पेय गढूळ होतं आणि सालीचा कडवटपणा उतरतो.

त्याऐवजी मॅनहटन हवं असेल तर

६० मिली राय (राय धान्याची व्हिस्की) किंवा बर्बन, ३० मिली गोड व्हर्मूथ, २ डॅश बिटर्स. हे बर्फाशिवाय उथळ, रुंद तोंडाच्या कूप ग्लासात जातं, म्हणून सगळं पाणी बाटलीतच घालावं लागतं. दहा जणांसाठी ६०० मिली व्हिस्की, ३०० मिली व्हर्मूथ, १५ मिली बिटर्स आणि २२० मिली पाणी. हे मिश्रण सौम्य असल्यामुळे रात्रभर फ्रीझरमध्ये राहिलं तर खिमट होतं. रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी तास-दीड तास फ्रीझरमध्ये.

व्हर्मूथ ही शेवटी वाइनच आहे. उघडलेली बाटली महिनोन् महिने कपाटात राहिली असेल तर मॅनहटन आंबूस आणि मिळमिळीत लागणार. उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवायची आणि महिनाभरात संपवायची.

प्रकार बदलायला फार लागत नाही. स्कॉच घातली की ते रॉब रॉय. व्हर्मूथ निम्मं गोड, निम्मं ड्राय घेतलं की परफेक्ट मॅनहटन. बिटर्स वगळून ४५ मिली बर्बन, ३० मिली कॅम्पारी (कडू लाल इटालियन मद्य) आणि ३० मिली गोड व्हर्मूथ घेतलं तर बुलवार्डिए. कडू चव आवडणाऱ्यांना ते लगेच पटतं, बाकीच्यांना आग्रह करू नये.

व्हिस्की सावर: हे समोरच करा

लिंबाचा रस त्याच दिवशी काढा, जमलं तर पार्टीआधी तीन-चार तास. रात्रभर ठेवलेल्या रसाची चव मंदावते. आठ ग्लासांना १७६ मिली रस लागतो, त्यासाठी सहा-सात मोठी पिवळी लिंबं घ्या. पातळ सालीची छोटी लिंबंही चालतात, पण त्यांची चव थोडी वेगळी, किंचित कडवट असते. तेव्हा २० मिलीने सुरुवात करून चाखा.

१. शेकरमध्ये ६० मिली बर्बन, २२ मिली लिंबाचा रस, १५ मिली पाक आणि हवा असल्यास १५ मिली अंड्याचा पांढरा बलक घाला.

२. बर्फ न घालता १५ सेकंद जोरात हलवा. बलकाचा फेस थंडीत नीट धरत नाही, म्हणून हा कोरा शेक आधी. बर्फ नसल्यामुळे झाकण आवळून बसत नाही, तेव्हा दोन्ही हातांनी घट्ट धरा, नाहीतर शर्ट बदलावा लागेल.

३. आता शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरा आणि १२ ते १५ सेकंद हलवा. दोन-चारच तुकडे घातले तर ते पटकन विरघळतात आणि पेय थंड होण्याआधीच पातळ होतं. बादलीत सुटलेलं पाणीही शेकरमध्ये येऊ देऊ नका, बर्फ निथळून घ्या.

४. गाळून थंड ग्लासात ओता.

बलक कच्चाच राहतो. त्यामुळे गर्भवती, आजारी किंवा वयस्कर पाहुण्यांचा विचार करून आधी विचारा. पाश्चराइज्ड बलक अधिक सुरक्षित. शिजवलेल्या काबुली चण्याचं दाटसर पाणी २० मिली घातलं तरी छान फेस येतो. फेसच नको असेल तर दुसरी पायरी गाळा.

तयार सावरवर चमच्याच्या पाठीवरून १५ मिली ड्राय रेड वाइन सोडली की न्यूयॉर्क सावर. वाइन हळू ओतली तरच तिचा थर दिसतो. पाकाऐवजी मध घातला आणि बलक वगळला की गोल्ड रश. मध थेट घालू नका, थंड शेकरच्या तळाशी चिकटून बसतो. दोन भाग मधात एक भाग गरम पाणी मिसळून तो आधी पातळ करा.

हायबॉल

इथे सगळं थंडीवर आहे. सोडा, ग्लास आणि शक्य असेल तर व्हिस्कीसुद्धा थंड हवी, कारण कोमट द्रवात वायू टिकत नाही. ग्लास बर्फाने काठापर्यंत भरा, ४५ मिली व्हिस्की घाला, कडेने १३५ मिली सोडा सोडा आणि चमचा तळापासून एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की बुडबुडे गेले. सोड्याच्या छोट्या बाटल्या घ्या. उघडलेली मोठी बाटली तासाभरात निर्जीव होते.

न पिणाऱ्यांना गोल्ड रशसाठी केलेलं मध-पाणी, लिंबू आणि सोडा त्याच ग्लासात द्या. पिणाऱ्यांसमोर पाण्याचा जग ठेवा. ६० मिली व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि साखर-लिंबाआड ते जाणवत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी कमी मापाचा ग्लास हा उपाय नव्हे, त्यांना दुसरंच पेय द्या.

उरलेलं ओल्ड फॅशन्डचं मिश्रण बाटलीत आठवडेच्या आठवडे टिकतं. मॅनहटन फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. लिंबाचा उरलेला रस मात्र त्याच रात्री टाकून द्या.