अनोळखी मृतदेहाची ओळख पटवताना या चुका टाळा

तापीतून काढलेला किंवा भुसावळच्या रुळांवर सापडलेला देह मे महिन्यात दोन दिवसांत ओळखू येईनासा होतो. चेहरा फुगतो, जीभ बाहेर येते, कातडी काळी पडते. तरीही नवे डॉक्टर नातेवाइकांना चेहरा आणि कपडे दाखवून 'ओळख पटली' असं लिहून मोकळे होतात. मला सगळ्यात जास्त राग याच चुकीचा येतो. आठवडे बाजारात एकाच गठ्ठ्यातले चाळीस शर्ट विकले जातात, त्यावरून माणूस कसा ठरवणार?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक म्हातारा शर्ट पाहून खाली बसला. अहिराणीत म्हणाला, "हाऊ मन्हा आंडोर शे." म्हणजे, हा माझा मुलगा आहे. पोलिसांना घाई होती, वास आम्हालाही सोसवत नव्हता. देह दिला, संध्याकाळी अग्नी दिला गेला. बाविसाव्या दिवशी तो मुलगा सुरतेहून घरी परतला. जळाला तो कोणाचा होता, हे आजतागायत कळलेलं नाही. आम्ही त्याची एक दाढसुद्धा ठेवली नव्हती. तेव्हापासून नातेवाईक कितीही शपथेवर सांगोत, दोन दाढा आणि मांडीच्या हाडाचा तुकडा काढल्याशिवाय मी देह सोडत नाही. डीएनए जुळवून पाहण्यासाठी आई-वडिलांचं किंवा मुलांचं रक्तही त्याच दिवशी घ्यायला लावतो.

दुसरी चूक फॉर्मेलिनची, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावणाची. दिसेल ते त्यात बुडवायची सवय लागलेली असते. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. मांस पटकन सुटावं म्हणून हाड उकळणं तर त्याहून वाईट. मी हाड आणि दाढा कोरड्या करून कागदी पाकिटात ठेवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

फक्त कवटी पाहून स्त्री की पुरुष हे ठामपणे लिहू नका, कटीचं हाड शोधा. वयात न आलेल्या मुलाचं लिंग मात्र त्यावरूनही सांगू नका. नदीकाठी मिळालेलं हाड आधी माणसाचं आहे का ते बघा. बोटांची कातडी मोज्यासारखी निघाली तर फेकू नका. ती आपल्या हातमोज्याच्या बोटावर चढवून ठसा घेता येतो.

आणि 'ओळखीची खूण नाही' असं लिहिण्याआधी हात, कपाळ, हनुवटी ओल्या कापडाने पुसा. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या अंगावर गोंदण असतं. त्याची शाई कातडीच्या खालच्या थरात असते, त्यामुळे वरची काळी साल निघाली की ते आणखी स्पष्ट दिसतं. एका शिकाऊ डॉक्टरने खूण नाही म्हणून लिहिलेल्या बाईच्या मनगटावर मला असंच भावाचं नाव सापडलं. तिसऱ्या दिवशी तो भाऊ तिला न्यायला आला.