गेम स्टुडिओत कपातीची चाहूल कशी ओळखायची

पुण्यात सात वर्षं मी परदेशी गेमसाठी थ्रीडी मॉडेलं केली. एका सकाळी लॉगिनच होईना, तेव्हा नोकरी गेल्याचं कळलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

आधी पैसा कुठून येतो ते बघा. कोरोनात खप वाढला, कर्ज स्वस्त होतं; कंपन्यांनी धडाधड स्टुडिओ घेतले, भरती केली. मग व्याजदर चढले, खप ओसरला. २०२३ मध्ये एम्ब्रेसर या स्वीडिश गेम कंपनीचा २ अब्ज डॉलरचा करार फिसकटला आणि तिथे स्टुडिओ बंद होऊ लागले. अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेतल्यावर साधारण तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या १,९०० जणांना काढायचं ठरवलं. म्हणून मालक बदलला की सावध व्हा, गेम गाजत असला तरी.

काम संपत आलंय आणि पुढच्या प्रोजेक्टबद्दल कुणी बोलत नाही? लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, त्याच आठवड्यात सरळ विचारा. गेम बाजारात आला की आपलं काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी लेखी घ्या. मी घेतली नव्हती. एका गंजलेल्या कुलपावर मी तीन आठवडे घालवले होते, खिळ्याभोवतीचा गंजसुद्धा हाताने रंगवला होता. ते मुलाखतीत दाखवता आलं नाही. पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन (खातं क्रमांक) आजच घरच्या मेलवर घ्या.