रुसवा आणि दबाव यांतील फरक ओळखताना

प्रेमाच्या नात्यात रुसवेफुगवे असतातच. जोडीदाराने एखाद्या दिवशी अबोला धरला, एवढ्यावरून तो आपल्याला वेठीस धरतो आहे असे ठरवणे अन्यायाचे होईल. पाहायचे ते भांडण कुठे संपते याकडे. ‘काल येतो म्हणून आला नाहीस, मी तासभर थांबले’ अशी साधी तक्रार तुम्ही करता, पण बोलता बोलता विषय तुमच्या संशयी स्वभावावर, मैत्रिणींवर आणि त्याने तुमच्यासाठी सोसलेल्या गोष्टींवर जातो, आणि शेवटी माफी तुम्हीच मागता. असे वारंवार घडत असेल तर सावध व्हावे. ‘मी असे बोललोच नव्हतो’ हे ऐकून स्वतःच्याच आठवणीवर शंका येऊ लागली असेल, तर घडलेला प्रसंग त्याच दिवशी तारखेसह लिहून, त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.

उत्तर थोडक्यात द्यावे, कारण दिलेल्या प्रत्येक खुलाशातून वादाला नवा फाटा फुटतो. ‘पासवर्ड देत नाहीस, म्हणजे तुझे प्रेमच नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘प्रेम आहे, पण पासवर्ड देणार नाही’ एवढेच म्हणावे आणि गरज पडल्यास तेच शब्द पुन्हा सांगावेत. आवाज चढलाच, तर ‘उद्या संध्याकाळी बोलू’ असे सांगून उठावे. मात्र दुसऱ्या दिवशी खरोखर बोलावे, नाहीतर आपला अबोलाही दबावच ठरतो.

‘सोडून गेलीस तर जिवाचे बरेवाईट करून घेईन’ ही धमकी सर्वांत अवघड. तिला नाटक समजून कधीही झटकू नये, पण तिच्यापायी आपला निर्णयही बदलू नये. कोणाला सांगायचे नाही अशी शपथ घातली असली तरी त्याच्या घरच्यांना लगेच कळवावे, टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे आणि धोका तातडीचा वाटल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवावा. जीव वाचवण्याची ही मदत अनुभवी माणसांकडून मिळू द्यावी. एकट्याने तो भार वाहणे कोणालाच झेपत नाही.

हे सारे पुरुषांच्याही वाट्याला येते आणि तेही लाजेपोटी गप्प राहतात. वरचे उपाय त्यांनाही तितकेच लागू आहेत.

मारहाण, पाळत किंवा पैशांची कोंडी सुरू झाली, की शांतपणे समजावण्यात वेळ घालवू नये. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शाब्दिक व भावनिक छळालाही हिंसाच मानतो. लग्न न करता पती-पत्नीसारखे एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण मागता येते. अशा घरातून बाहेर पडायचे ठरल्यास आधी कागदपत्रे विश्वासातल्या माणसाकडे पोहोचवावीत, आणि निर्णय एकांतात सांगू नये.