वीस मायक्रोलिटर प्लाझ्मामधून पीक काढताना

एमएस्सी करून बायोॲनालिटिकल लॅबमध्ये, म्हणजे रक्तातलं औषध मोजणाऱ्या लॅबमध्ये, लागलेल्यांना पहिला धक्का बसतो तो सॅम्पलचा. कॉलेजात फ्लास्क भरभरून द्रावणं केलेली असतात आणि इथे हातात येतो उंदराचा वीस मायक्रोलिटर प्लाझ्मा. उंदराच्या अंगात रक्तच मुळात दीड-दोन मिलिलिटर, त्यात एकाच जनावराकडून दिवसभरात अनेकदा रक्त घ्यायचं, मग याहून जास्त मिळणार कुठून?

एलसी-एमएसवर (मिश्रण वेगळं करून रेणू वस्तुमानाने ओळखणाऱ्या मशीनवर) औषधाचं पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, दिसलं नाही की नव्या माणसाचा हात आधी डिटेक्टरच्या व्होल्टेजकडे जातो. पीक उंच होतं, पण नॉइजही तितकाच चढतो. बघायचं ते दोघांचं गुणोत्तर. शिवाय हरवलेलं औषध पुष्कळदा मशीनपर्यंत पोचलेलंच नसतं.

औषध पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) असेल तर ते ट्यूबच्या भिंतीला चिकटलं असेल, काच असो की पॉलिप्रॉपिलीन. तपासायला सोपं आहे: एकच पातळ द्रावण चार-पाच नव्या ट्यूबमधून ओळीने फिरवा आणि दर वेळी थोडं इंजेक्ट करा. पीकचा एरिया पायरी-पायरीने उतरत गेला तर चोर सापडला. अशा वेळी नुसत्या पाण्यात डायल्यूट करू नका. थोडं ॲसिटोनायट्राइल घाला, लो-बाइंड ट्यूब वापरा. व्हायलमध्ये निमुळता इन्सर्ट टाका आणि तळाशी हवेचा बुडबुडा नाही ना, हे टिचकी मारून बघा. सुई बुडबुड्यात गेली तर मशीन बिनतक्रार हवा इंजेक्ट करतं.

नंतर कॉलम, म्हणजे मिश्रण वेगळं करणारी नळी. आतल्या व्यासात ४.६ मिमीवरून २.१ मिमीवर आलात की आडवा छेद जवळपास पाचपट लहान होतो आणि फ्लो मिनिटाला १ मिलिवरून ०.२ मिलिवर येतो. तेवढंच औषध कमी द्रवात बाहेर पडतं, आणि इलेक्ट्रोस्प्रे (द्रवाचे विद्युतभारित थेंब करून औषधाचे आयन बनवणारा भाग) प्रामुख्याने कॉन्सन्ट्रेशनला दाद देतो, म्हणून पीक वर येतं. मात्र सॅम्पलमध्ये मोबाइल फेजपेक्षा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणापेक्षा) ऑरगॅनिक सॉल्व्हंट जास्त असेल तर पीक पसरतं किंवा दुभंगतं. प्रोटिऑमिक्सवाले (प्रथिनांचा अभ्यास करणारे) ७५ मायक्रॉन व्यासाचा कॉलम आणि मिनिटाला ३०० नॅनोलिटर फ्लो वापरतात. रोज शेकडो प्लाझ्मा सॅम्पल चालवणाऱ्याने त्या वाटेला एकदम जाऊ नये, निम्मा वेळ चोकअप काढण्यात जाईल.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो आयन सप्रेशनला. कॉलमनंतर टी-जोड लावून सिरिंज पंपाने औषधाचं द्रावण सतत सोडत राहा. स्क्रीनवर सपाट रेषा येईल. आता औषध नसलेल्या प्लाझ्माचा एक्स्ट्रॅक्ट इंजेक्ट करा. रेषेत जिथे खड्डा पडेल तिथे प्लाझ्मातलं काहीतरी तुमच्या औषधाचं आयनीकरण दाबतंय. सुरुवातीचा खड्डा बहुधा क्षारांचा. उशिराचे खड्डे पुष्कळदा फॉस्फोलिपिडचे असतात. m/z (वस्तुमान-भार गुणोत्तर) १८४ चा आयन लावून ठेवलात तर ते कुठे येतात ते थेट दिसतं. तुमचं पीक खड्ड्यात बसत असेल तर ग्रेडियंट (मोबाइल फेजमधलं ऑरगॅनिक वाढवत नेण्याचा क्रम) बदलून त्याला बाहेर काढा, नाहीतर प्रोटीन प्रेसिपिटेशन सोडून लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन किंवा एसपीई (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन) करा. यूव्हीवर देखणं पीक देणारं टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिड) इथे सिग्नल मारतं, ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडवर भागतं का ते आधी बघा. दर वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे वरिष्ठांना सांगता येत नाही.

एवढं जमलं की नवं दुखणं सुरू होतं. आधी कोरा दिसणारा ब्लँक (औषध नसलेलं सॅम्पल) आता पीक दाखवू लागतो, कारण मागच्या इंजेक्शनचा अंश आता मशीनला दिसतो. आयसीएच एम१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वात जास्त कॉन्सन्ट्रेशनच्या स्टँडर्डनंतरच्या ब्लँकमध्ये औषधाचं पीक एलएलओक्यूच्या (खात्रीने मोजता येणाऱ्या सर्वात कमी कॉन्सन्ट्रेशनच्या) पीकच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यामुळे संवेदनशीलता वाढवली त्याच दिवशी नीडल वॉशमध्ये ऑरगॅनिकचं प्रमाण वाढवून बघा आणि त्या स्टँडर्डनंतर लागोपाठ दोन-तीन ब्लँक लावा. पीक दर ब्लँकला घटत गेलं तर कॅरीओव्हर, म्हणजे मागच्या इंजेक्शनचा अंश. तेवढंच राहिलं तर खोट मोबाइल फेजमध्ये असू शकते, त्याची बाटली बदला.