पैठणी बॅगेत भरताना

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत कोंबू नका. आत दमटपणा कोंडतो आणि साडीची जर काळी पडते. धुतलेलं, खडखडीत वाळलेलं मलमलचं कापड किंवा जुनं सुती धोतर घ्या.

आधी साडी पूर्ण उलगडा. घडी पुन्हा जुन्याच रेषेवर पडली की रेशीम तिथे विरतं, आणि पदरावरचा मोर नेमका मानेत चिरतो. म्हणून नवी घडी दोन बोटं सरकवून घाला, पदराची जर आतल्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक मोडीत सुती पंच्याची सैल गुंडाळी द्या, म्हणजे मोड टोकदार होत नाही. पाच मिनिटांचं काम, पण साडीचं आयुष्य त्यावरच आहे.

मग साडी त्या कापडात गुंडाळून गाठोडं करा. बॅगेत ते सगळ्यात वर, चपला तळाशी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. परकर, ब्लाउज, सहा सेफ्टी पिना त्याच गाठोड्यात.

नथ कापसात, छोट्या डबीत, हातातल्या पर्समध्ये. अत्तर आणि हेअरस्प्रे आधी, मोत्यांची नथ शेवटी. नाहीतर मोत्यांचं पाणी जातं.

पोचल्यावर साडी रात्रभर दांडीवर टाका. इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूने, मंद, वर सुती कापड घालून. पाणी शिंपडू नका, रेशमावर डाग उठतात.